पाहायला आलेली माणसं

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी माणसं मागच्या गोष्टी गोड करून सांगतात. माझ्या मैत्रिणीही सांगतात आणि मी त्या आवडीनं ऐकते. पण इंदूताईला पाहायला पुण्याची मंडळी साखरखेर्ड्याला आमच्या घरी आली, राहिली, लोणार बघून आली, सिंदखेडराजा बघून परत गेली, त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की पेन कागदावर जरा जास्तच जोरानं टेकतं. कोणाला वाटेल, एवढं काय त्यात? मुली बघायला माणसं येतात, पसंत पडली तर पडली, नाही तर नाही. वाटू दे.

आमचं घर बाजाराच्या रस्त्याला लागून होतं. पुढं ओसरी, मधे दोन खोल्या, मागं चूल आणि त्याच्या मागं गोठा. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा टुकटुक आवाज सकाळी सुरू व्हायचा तो जेवणाच्या वेळेला थांबायचा, आणि थांबला की घरात सगळे एकदम मोठ्यानं बोलत होते हे लक्षात यायचं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची शेती बऱ्यापैकी होती, कापूस, तूर, ज्वारी, विहिरीजवळ वांगी-मिरच्या. गावात त्यांना मान होता. आईच्या हाताला चव होती आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं. कोणी जेवून उठलं आणि काही बोललं नाही तर ती दारापर्यंत त्याच्या मागं जाऊन विचारायची, 'भाजीत काही कमी पडलं का?' इंदूताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मेहकरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, उंच, सावळी, आणि घरात सगळ्यात जास्त हसणारी. मी तेव्हा दहावीत होते.

आबांच्या मनात पुण्याबद्दल एक गाठ होती. तरुणपणी ते कुठल्याशा शेतकी प्रदर्शनासाठी पुण्याला गेले होते. तिथं एका खिडकीवर त्यांनी आपल्या बोलीत काहीतरी विचारलं आणि आतल्या माणसानं त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग शेजारच्यांना बोलावून आणखी एकदा म्हणायला लावलं. आबा ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचे. सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मला वाटतं तेव्हाच त्यांनी ठरवलं असावं की आपली एक तरी मुलगी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली पाहिजे. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या चुलतभावानं, माधवकाकानं, इंजिनिअर मुलाचं स्थळ सुचवलं तेव्हा आबांनी पत्रिकासुद्धा नीट पाहिली नाही. मुलाच्या पणजोबांचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं, माणसं आपल्यातलीच, मुलाचे वडील नाहीत, आई आणि मामा सगळं बघतात, असं काकानं कळवलं होतं. पौष संपला की येतो, आणि आलोच आहोत तर तुमचा जिल्हाही बघून घेऊ, असा त्यांचा निरोप होता. आबांना त्या निरोपाचं फार कौतुक वाटलं. त्यांनी जीप ठरवली.

आणि मग आमच्या घरात शिकवणी सुरू झाली. हायस्कूलचे मराठीचे सर संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे आणि ताईकडून वाक्यं म्हणून घ्यायचे. मले नाही, मला. काऊन नाही, का. जाऊन राह्यली नाही, जाते आहे. आबा बाजूला बसून ओठ हलवत स्वतःही शिकायचे. आईनं एकदा आतून चहा पाठवताना विचारलं, 'सरांले साखर कमी लागते का वो?' तर आबांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं कप फोडला. सर गेल्यावर ताई चुलीपाशी येऊन मला म्हणायची, "कुसुम, मला मीठ दे म्हणू का मले मीठ दे म्हणू? मीठ तं एकच येईन ना वं?" आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. तेव्हा हसलो. त्या मेहनतीनं आपलीच जीभ आपल्याला परकी करायला बसलो आहोत, हे मला कळायला हवं होतं असं नाही. पंधरा-सोळाचं वय ते. पण आबांना कळायला हवं होतं.

ती तिघं माधवकाकाबरोबर दुपारी आली. मुलगा, त्याचं नाव अविनाश. गोरा, शांत, चष्मा लावणारा. त्याची आई, अंगभर शाल घेतलेल्या, बोलणं मऊ. आणि मामा, ज्यांच्या खांद्याला कॅमेरा होता आणि हातात एक नवीन टेपरेकॉर्डर, चामड्याच्या पिशवीतला. त्यांना लोकगीतं, जुन्या म्हणी असलं काही जमवायचा छंद होता, असं माधवकाका मोठ्या अभिमानानं म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी आबा त्यांना शेतात हुरड्याला घेऊन गेले. गोवऱ्यांच्या आगीत कणसं भाजली, गरम गरम चोळून हुरडा त्यांच्या हातावर दिला, बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. त्यांनी मनापासून खाल्लं, हे मी नाकारत नाही. रात्रीच्या जेवणाला आईनं बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी केली होती, भाकरी, वांग्याचं भरीत, भोकराचं लोणचं. मामा 'वा' म्हणत होते. मुलाच्या आईनं तीन वेळा विचारलं की हा तिखटपणा कशाचा, आणि आई खुलली. ती आपली वाढता वाढता सांगत गेली, मिरची कशी वाळवायची, पातोडी थापताना हाताले पाणी कसं लावाचं, रस्स्याले खोबरं भाजताना जळू कसं द्याचं नाई. मी पाहत होते. मुलाच्या आईच्या ओठांच्या कडा हलत होत्या. आई 'खोबरं करपलं का सारा रस्सा कडू होऊन जाते' म्हणाली तेव्हा त्यांनी भावाकडं पाहिलं आणि दोघंही हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलानं बोबडं बोलल्यावर मोठी माणसं हसतात, तसे हसले. आबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डोळ्यांनीच आईला आत जायला सांगितलं, आणि आई हातातलं भांडं घेऊन आत गेली. नंतरचं वाढप मी केलं.

ताईला बसवून प्रश्न विचारले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिनं सरांनी शिकवल्याप्रमाणे उत्तरं दिली. एकदाच चुकली. स्वयंपाक येतो का या प्रश्नावर 'हाव' म्हणाली आणि लगेच 'हो' म्हणाली. मुलाच्या आईनं पुढं वाकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "असू दे, असू दे. गोड वाटतं." पसंती-नापसंतीचं काहीच बोलल्या नाहीत. आधी लोणार बघू या, म्हणाल्या.

जीपमध्ये पुढं आबा आणि मामा, मागं आम्ही सगळे, पायाशी आईनं बांधून दिलेल्या दशम्या, झुणका आणि तिळाची चटणी. माधवकाका दोन्ही दिवस घरीच राहिला, त्याला कंबरेचा त्रास होता. आबा वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव सांगत होते आणि सांगताना 'इथं' की 'इथी' यावर अडखळत होते. लोणारला आधी दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. काळ्या दगडातली ती शिल्पं पाहून मामा खरोखर खांद्यावरचा कॅमेरा विसरले. मग धार म्हणतात त्या झऱ्यावर गेलो, बाया धुणी धूत होत्या, गोमुखातलं पाणी अखंड पडत होतं. मग विवराच्या काठावर. मी तोवर शाळेच्या सहलीतून लोणार पाहिलं होतं, तरी त्या काठावर आल्यावर पुन्हा थांबून बघतच राहिले. एवढी मोठी खोल वाटी, तिच्या उतारावर झाडी, तळाशी हिरवट पाणी आणि वाऱ्याबरोबर वर येणारा तो उग्र वास. मुलाची आई वरच सावलीत बसल्या, त्यांच्याबरोबर आईही बसली. आम्ही बाकीचे खाली उतरलो.

उतरताना ताईचा मूड छान होता. मोकळ्या हवेत ती शिकवणी विसरली. पाण्याजवळ पोचल्यावर तिनं रुमालात बांधून आणलेली हळद काढली, कागदावर चोळली आणि तळ्याच्या पाण्यात बुडवली. हळद लाल झाली. हे आमच्याकडं प्रत्येक पोराला ठाऊक आहे, पाण्यात सोड्यासारखा क्षार आहे म्हणून तसं होतं. ताई अविनाशला दाखवत होती, म्हणाली, "पाहा बरं, कसी लाल होऊन राह्यली." अविनाश वाकून बघत होता, आणि मला आठवतं, त्या एका क्षणी मला तो मुलगा आवडला होता. तेवढ्यात मागून खट्ट आवाज झाला. मामांनी टेपरेकॉर्डर सुरू केला होता. ते म्हणाले, ते शेवटचं पुन्हा म्हणा. ताईला वाटलं त्यांना हळदीचं काही नीट कळलं नाही, म्हणून ती सावकाश, शुद्ध भाषेत सांगू लागली. तर मामा म्हणाले, "तसं नको, मघाचं. 'होऊन राह्यली' म्हणा. आणि ते 'काऊन' पण म्हणा एकदा."

ताईनं आबांकडं पाहिलं. आबा तळ्याकडं पाहत होते. मी वाट पाहिली की ते आता काही बोलतील. ते हसले. हसून म्हणाले, "म्हण ना, साहेब एवढं म्हणताहेत तर." त्यांनी 'म्हणताहेत' अगदी सरांसारखं म्हटलं.

ताईनं म्हटलं. मामांनी पट्टी मागं फिरवून ऐकवलं. त्या खोल, शांत जागेत माझ्या बहिणीचा आवाज एका डब्यातून आला, 'होऊन राह्यली', आणि मामा हसले, आबा हसले, अविनाशनं चष्मा काढून पुसायला घेतला. मामा म्हणाले, आमच्या घरी ऐकवीन, सगळ्यांना फार मजा वाटेल. मग परतीच्या वाटेवर त्यांनी तिच्याकडून म्हणी म्हणून घेतल्या, जात्यावरचं एक गाणं म्हणून घेतलं, तिला धाप लागली होती तरी. मी मागून चालत होते. माझ्या मुठी वळलेल्या होत्या. तो डबा ओढून घेऊन उतारावरून खाली भिरकावून द्यावा असं वाटत होतं, आणि आबा पुढं होते म्हणून मी ते केलं नाही. वर पोचल्यावर आईनं दशम्या काढल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. तिळाच्या चटणीची फार तारीफ झाली.

लग्न होऊन मी स्वतःच पुण्याला आले आणि आता इथंच म्हातारी झाले. एवढ्या वर्षांत मी कुठली हे माझ्या बोलण्यावरून कोणी ओळखलेलं नाही. परवाच आमच्या सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, 'तुम्ही बुलढाण्याच्या? अजिबात वाटत नाही हो.' त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. मी घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? लोणारच्या उतारावर जे झालं ते एका वाक्यात कसं सांगणार?

लोणारहून परतलो त्या रात्री पाहुणे झोपल्यावर आबा आईला म्हणत होते की त्यांना पोरगी आवडली आहे, नाहीतर इतकी मजा कशाला केली असती. ताई माझ्या शेजारी पडून छताकडं बघत होती. मी तिला म्हटलं, तू नको म्हण. ती म्हणाली, "गप झोप. उद्या लवकर उठाचं हाये."

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा बघून तिथूनच ते जालन्याला जाणार होते, तिथून पुण्याची गाडी. जीप त्यांना सोडून येणार आणि आम्ही एसटीनं घरी परतणार असं ठरलं होतं. राजवाड्याच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलो तेव्हा ऊन चढायचं होतं. तेव्हा आतासारखी व्यवस्था नव्हती. भिंतींतून गवत उगवलेलं, आत कबुतरं. पण माँसाहेबांच्या जन्माची जागा लोकांनी झाडून स्वच्छ ठेवलेली होती. मुलाच्या आईनं चपला दूर काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीवर कपाळ टेकलं. उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ताईचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या की आम्हा पुणेकरांवर या मातीचे केवढे उपकार आहेत, ही माऊली इथून आली म्हणून पुढं सगळं घडलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच मला जास्त टोचतं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

मोती तलावाजवळ आबांच्या ओळखीच्यांचं शेत होतं. तिथं कडुनिंबाखाली आईनं आणि ताईनं रोडगे लावले. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, आणि बरोबर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. धुरानं दोघींचे डोळे लाल झाले होते. तलावावरून थंड वारा येत होता. मामांनी फोटो काढले, चुलीचे, रोडग्यांचे, आईच्या हातांचे. पाहुणे पोटभर जेवले. हात धुऊन झाल्यावर मुलाच्या आईनं आबांना जवळ बसवलं आणि अखेर मुद्द्याचं बोलल्या.

मुलगी त्यांना पसंत होती. फक्त भाषेचं काय ते बघावं लागेल. लग्नाआधी सहा महिने तिनं पुण्यात त्यांच्या एका नात्यातल्या बाईंकडं राहावं, त्या शिक्षिका आहेत, बोलणं घासूनपुसून घेतील. अविनाशच्या ऑफिसातली माणसं घरी येतात, त्यांच्यासमोर बरं दिसायला हवं. आबा मान डोलावत होते. मग त्या जरा थांबल्या, आणि आणखी मऊ आवाजात म्हणाल्या की गैरसमज करून घेऊ नका, पण मूल बोलायला शिकतं ते आई आणि आजीच्या तोंडून. तेव्हा पहिली काही वर्षं इंदूचं माहेरी येणं-जाणं जरा बेतानंच ठेवू. बाळंतपणही पुण्यालाच करू. "तुमच्या मिसेस फार प्रेमळ आहेत," त्या म्हणाल्या. "पण मुलांच्या कानावर काय पडतं, ते बघायला नको का?"

आई चार हातांच्या अंतरावर बसून उष्टी भांडी राखेनं घासत होती. तिनं ऐकलं. तिचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला. आणि आबा, माझे आबा, ज्यांच्यासमोर बाजारात कोणी मोठ्यानं बोलत नसे, ते म्हणाले, "हाव..." आणि लगेच, "हो. हो, बरोबर आहे तुमचं."

मला वाटतं तो 'हाव' ताईच्या काळजात गेला. म्हणजे तो त्यांनी घाईघाईनं गिळला, ते तिला लागलं.

ती विस्तवापाशी होती. उठली, हात पदराला पुसले आणि समोर येऊन उभी राहिली. सरांनी शिकवलेलं एक अक्षरही तिनं वापरलं नाही. "एक विचारू का, बाई?" ती म्हणाली. "सकाळी तुमी ज्या जागी डोकं टेकलं, तथची लेक इथूनच तिकडं गेली. मांडीवरच्या लेकराले तिनं गोष्टी सांगतल्या, त्या कोन्त्या बोलीत सांगतल्या असतीन? इथल्याच ना? तिले कोनी म्हनलं असंन का, का माहेरची बोली पहिले सोड, मायले भेटू नको, अन् मंग लेकरू वाढव?"

जीपचा ड्रायव्हर लांब बसून बिडी ओढत होता, तोही वळून पाहू लागला.

"माह्या मायच्या हातचं तुमी दोन दिवस खाल्लं," ताई म्हणाली. "चव चालते. तिचं बोलनं लेकराच्या कानावर नाई चालत. मले हे लगन नाई कराचं."

तिचा आवाज चढला नव्हता. नंतर गावात गोष्ट पसरली ती अशी की इंदूनं पाहुण्यांना शिव्या घातल्या. खोटं आहे. मी तिथं होते. तिनं जे म्हटलं ते एवढंच.

मुलाच्या आई उठल्या. त्यांनी शाल सावरली आणि आबांना म्हणाल्या की आम्ही चांगल्या मनानं आलो होतो. आबा ताईवर ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. मग ते पाहुण्यांची माफी मागू लागले. हात जोडून, पुन्हा पुन्हा, शुद्ध मराठीत. अविनाश आईच्या मागून जीपकडं चालू लागला. ताईजवळून जाताना तो थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तो नुसता थांबला आणि पुढं गेला. इतकी वर्षं मी त्या मुलाला माफ करायचा प्रयत्न केला आहे. तो दुष्ट नव्हता. त्याला सगळं दिसत होतं, आणि दिसत असताना त्यानं चष्मा पुसला.

मी मात्र जीपमागं धावले. मामा पुढं बसले होते, मांडीवर ती चामड्याची पिशवी. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या आवाजाची कॅसेट द्या. ते मला म्हणाले, अगं, त्यात आमच्याही गप्पा आहेत, आणि माझ्या गालावर टिचकी मारली. जीप सुरू झाली. त्या टिचकीची जागा मी आजही दाखवू शकते. त्या माणसाच्या घरी दिवाळीला, कोणाच्या बारशाला, ताईचा आवाज लावून लोक हसले असतील. तिच्या परवानगीवाचून, तिच्या माघारी. नंतर कधी त्यावर कुणी सिनेमातली गाणी भरली असतील तर बरंच झालं.

पुढं ताईचं काय झालं ते इथंच सांगते, कारण लोक विचारतात. माधवकाकानं सगळीकडं सांगितलं की मुलगी तोंडाळ आहे, आणि बरीच वर्षं आमच्या ओसरीवर कोणी आलं नाही. आबा तिच्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. तिनं देऊळघाटला शाळेत नोकरी धरली, तिथं एकटी खोली घेऊन राहिली, आणि उशिरा धामणगाव बढ्याच्या एका दोर-नांगराच्या सामानाचं दुकान असलेल्या माणसाशी लग्न केलं. संसार सुखाचा झाला असं म्हणून मी गोष्ट गुळगुळीत करणार नाही. सासू कडक होती, दुकान कधी चाललं कधी नाही. पण तिची दोन्ही बाळंतपणं साखरखेर्ड्याला झाली आणि दोन्ही मुलं आजीजवळ बोलायला शिकली. एकदा मी तिला विचारलं, तुला कधी ठरवावंसं वाटलं, रोडगे भाजताना? ती म्हणाली, नाही, लोणारातच. आबा हसले तेव्हा. मग एवढा वेळ थांबलीस कशाला, म्हटलं, तर म्हणाली, वाटत होतं, आबा अजून काही बोलतील.

जीप गेली त्या दुपारी आम्ही चौघं सिंदखेडच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बसलो. आबा बाकाच्या एका टोकाला, ताई दुसऱ्या टोकाला, मधे मी आणि आई. आईच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. पाहुण्यांना वाटेत खायला म्हणून तिनं सांजोऱ्या करून भरल्या होत्या, आणि जीपमध्ये इतर सगळं सामान आबांनी स्वतः नेऊन ठेवलं, तेवढा डबा तिनं हातातून सोडला नव्हता. मग तिनं झाकण उघडलं. शेजारी एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती, तिला दोन दिल्या. एक जण कोंबड्या घेऊन निघाला होता, त्याला दिली. कंडक्टरला हाक मारून दिली. मला दिली, ताईला दिली. ताईनं पहिला घास घेतला आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. खाता खाताच रडली.

शेवटी आई उठून आबांपुढं उभी राहिली. आबांनी मान फिरवली. त्यांचा चेहरा अजून लाल होता, ओठ घट्ट मिटलेले. आईनं त्यांचा हात धरून उघडला आणि त्यावर सांजोरी ठेवली.

"खा," ती म्हणाली. "आपल्याच घरचं हाये."

गाडी येईपर्यंत आबा ती तशीच हातात धरून बसले होते.